रुखवतावरच्या चिठ्ठ्या

रुखवत म्हणजे खरं तर पाच-सहा बायकांचं काम. मावशीनं मोर करायचा, आत्यानं कमळं, मैत्रिणींनी काहीबाही चिकटवायचं आणि नवरीनं मधे बसून नुसतं लाजायचं. सुलेखाच्या नशिबी कुठलं आलंय असलं लाजणं!

तिची आई मालनबाई ती दहावीत असतानाच गेली. त्यानंतर गीताबाई मावशीनं उंबऱ्याला पाय लावला नाही. मनकर्णाबाई आत्या तर फोनसुद्धा उचलत नव्हती. राहिला बाप कडुबा. गोदामावर वॉचमन, पोरीवर लई जीव, पण बोलणं दोन वाक्यांत आटपणारा.

तयार रुखवत भाड्यानं मिळतं, पण भाडं ऐकूनच सुलेखानं हात जोडले. ती चितेगावला एका कंपनीत पॅकिंगला होती. तिथली फेकायची खोकी तिनं साहेबांना विचारून आणली. आईच्या पेटीत गल्लीतल्या सगळ्यांच्या जुन्या लग्नपत्रिका होत्या, त्या काढल्या. दोन महिने रोज कामावरून आली की चहा टाकायचा, कात्री घ्यायची आणि भिंतीला टेकून बसायचं. खोक्यांचा बुद्धविहार झाला, पत्रिकांची गुलाबी कमळं झाली, तुटक्या माळांच्या मण्यांचा मोर झाला. मोर तर असा झाला की तिला स्वतःलाच खरं वाटेना. "बघ गं," म्हणायला तिनं मान वर केली, तर घरात कुणीच नव्हतं. तेव्हा मात्र ती रडली.

एवढ्यावर भागलं असतं. पण साखरपुड्यात बिडकीनच्या सासूबाई, सरूबाई, सहज बोलून गेल्या होत्या, "तुमच्याकडं बायकामाणसं लई कमी दिसत्यात." सहज म्हणे! पोरीच्या काळजात ते रुतून बसलं. सासरी कुणी बिनमाणसांची म्हणू नये, एवढंच तिला हवं होतं. म्हणून लग्नाच्या आदल्या दिवशी तिनं चिठ्ठ्या लिहिल्या. मोरावर गीताबाई मावशी, कमळांवर मनकर्णाबाई आत्या, विहारावर मैत्रीण श्रेया. ही श्रेया दोन वर्षांपूर्वी कंपनी सोडून पुण्याला गेली, ती गेलीच.

कडुबानं चिठ्ठी वाचली. "गीतानं कधी केला गं मोर?"

"केला समजा, बाबा. आन् तिथं कुणाला काही बोलू नका."

हॉलवर बुद्धवंदना झाली, हार घातले, आणि बायकांचा घोळका रुखवताच्या टेबलाला भिडला. सरूबाईंनी चष्मा लावून एकेक चिठ्ठी वाचली. सगळ्यांत जास्त वेळ त्या मोरापाशी थांबल्या. मग त्यांनी पिशवीतून ब्लाऊजपीस काढले. त्यांच्या घरची रीत होती, रुखवत करणारीला मान द्यायचा. हे सुलेखाला कुणी सांगितलंच नव्हतं!

"गीताबाई कोण? या पुढं."

कुणी आलं नाही.

"मनकर्णाबाई?"

बायका एकमेकींकडं बघू लागल्या. नवरदेव आकाशला तिथंच सोडून सुलेखा स्टेजवरून खाली उतरली.

"मावशीचे गुडघे धरलेत, तिला येता नाय आलं. आत्याच्या घरी आजारपण आहे. श्रेयाला सुट्टी नाय मिळाली."

"अगं बाई! काय एकेकीचे हात आहेत! आन् नेमक्या तिघी बी नाहीत." सरूबाईंना खरोखर वाईट वाटलं. बाई मनानं वाईट नव्हती हो. त्यांनी तिन्ही ब्लाऊजपीस सुलेखाच्या ओंजळीत ठेवले. "आठवणीनं पोचव ज्याचं त्याला. मावशीला म्हणावं, एकदा बिडकीनला ये, आमच्या पोरींना मोर शिकव."

"व्हय," सुलेखा म्हणाली.

सरूबाईंनी टेबलावरून परत एकदा नजर फिरवली. "आन् यातलं तुझं कंचं गं?"

सुलेखानंही टेबलाकडं पाहिलं. प्रत्येक वस्तूवर तिच्याच अक्षरात कुणाचं तरी नाव होतं. मागं उभा असलेला कडुबा पुढं सरकला, त्यानं तोंड उघडलं. सुलेखानं त्याच्याकडं बघून नुसती मान हलवली, तसा तो थांबला.

"मला नाय येत असलं काही," ती म्हणाली.

"असू दे," सरूबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या. "समद्यांना थोडंच येतंय."