तिसऱ्या मजल्यावरचे टेललाइट

तिला सगळे धाकटी म्हणत. सेहेचाळिसावं लागलं, केसांत पांढरे दिसायला लागले, चष्म्याचा नंबर दोनदा बदलला, तरी धाकटी ती धाकटीच. तीन भावंडं. थोरली लग्न होऊन दोन शहरं पलीकडं गेली, मधला समुद्रापलीकडं. हिचं लग्न झालं नाही, आणि ज्याचं लग्न होत नाही त्याच्याकडं वेळच वेळ असतो असा घरोघरी समज असतो. त्यामुळं आई गोष्टी विसरायला लागली तेव्हा कुणी कुणाला काही विचारलंसुद्धा नाही. मधला फोनवर म्हणाला, "तू आहेस म्हणून आम्ही निर्धास्त आहोत गं." धाकटीनं 'हो' म्हटलं आणि त्या एका 'हो'वर चार वर्षं गेली.

त्याआधी ती गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये रंगखात्यात होती. एकोणीस वर्षं. ठोकलेल्या गाडीला नवा दरवाजा बसवला की त्याचा रंग जुन्या अंगाशी जुळवायचा, हे तिचं काम. उन्हानं फिकटलेला लाल आणि डब्यातला लाल यांत जो फरक असतो तो ती नुसत्या नजरेनं भरून काढायची. फोरमन नव्या माणसांना सांगायचा, "मशीन चुकेल एक वेळ, धाकटी चुकायची नाही."

आईनं आधी गॅस चालू ठेवला. मग नळ. मग एका दुपारी गाऊनवरच घराबाहेर पडली, ती बसच्या शेवटच्या थांब्यावर सापडली. कंडक्टरला विचारत होती, "शाळा सुटली का हो? माझी धाकटी आत आहे." त्या दिवसापासून दाराला आतून कुलूप लागलं आणि किल्ली धाकटीच्या गळ्यात आली. महिन्याभरात नोकरी सुटली.

सहा महिन्यांनी फोरमन स्वतः तीन जिने चढून आला. लिफ्ट नव्हती, माणूस जाडा, धाप लागलेली. त्यानं पिशवीतून एका गाडीचे मागचे दोन दिवे काढून टेबलावर ठेवले. पिवळट, चरे पडलेले, आंधळ्या डोळ्यांसारखे.

"गाडीचा एवढाच भाग जिना चढून येतो," तो म्हणाला. "म्हटलं, तुझ्याकडं आणावा."

त्या दिव्यांनी तिला वाचवलं आणि त्यांनीच तिला त्या घरात आणखी पक्कं रुतवलं. गॅलरी म्हणजे चार पावलं लांब, दोन पावलं रुंद. तिथं तिनं फळी ठोकली, पंखा बसवला, घराकडच्या बाजूला काचेचं सरकतं दार होतंच. दिवा आधी साबणाच्या पाण्यानं धुवायचा. बल्बची भोकं चिंधीनं बुजवायची. मग बादलीत बुडवलेल्या वॉटरपेपरनं घासायचा. आधी आठशे नंबर, मग हजार, मग पंधराशे. सगळा दिवा सारखा दुधाळ झाला की समजायचं, जुनं कातडं निघालं. त्यावर क्लिअरचे, म्हणजे पारदर्शक रंगाचे, हात दिले की आतला लाल असा उजळून यायचा की कालच कारखान्यातून आला म्हणावं.

पण सगळ्यांना उजळ दिवे नको असत. तरुण मंडळींना काळे हवे असत. त्यांच्यासाठी काळसर टिंटचा फवारा मारायचा. एक हलका हात, दहा मिनिटं थांब, दुसरा हात, पुन्हा दहा मिनिटं. या मधल्या वेळात दार उघडायची सोय नाही. घरातली धूळ उडून ओल्या रंगावर बसली की सगळं मुसळ केरात. आणि नेमक्या त्याच वेळी आई काचेवर थापा मारायची.

"अहो बाई! दार उघडा. मला घरी जायचंय."

"आई, हेच आपलं घर," धाकटी मास्कमधून ओरडायची.

"काय लबाड बाई आहे," आई काचेला सांगायची.

घराचं दार आईसाठी बंद आणि गॅलरीचं धाकटीसाठी. असे दिवस जात होते. तिला हसूही यायचं कधी कधी, पण ते सांगायला समोर कुणी लागतं.

मग एक दिवस फोरमनचा फोन आला. वर्कशॉपमध्ये दिव्यांचं वेगळं खातं निघणार होतं. चार माणसं हाताखाली, हवा ओढून घेणारी बंद खोली, नवी यंत्रं. "मालकाला तुझंच नाव सांगितलंय," तो म्हणाला. "महिन्याअखेर कळव. आईचं काहीतरी बघ बाई, आयुष्यभर का गॅलरीत उभी राहणार आहेस?"

धाकटीनं फोन ठेवला. चार वर्षांत तिनं स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं. तिनं थोरलीला फोन लावला. म्हणाली, आईला सहा महिने तुझ्याकडं ने. सहा नाही तर तीन. थोरली म्हणाली, "आधी येऊन बघते."

थोरली आली, चार दिवस राहिली, आणि त्या चार दिवसांत आईनं जे केलं त्याला तोड नाही. सकाळी उठून केस विंचरले. थोरलीला नावानं हाक मारली. जावयाच्या गुडघ्यांची चौकशी केली. चहात साखर कमी आहे हे बरोबर ओळखलं. वर्षभर न आठवलेली बहिणीची मुलं एकामागून एक मोजून दाखवली. धाकटी दारात उभी राहून बघत राहिली. आईचा चेहरा असा फुललेला बघून तिला आनंद व्हायला हवा होता. तो झाला नाही.

चौथ्या दिवशी दुपारी बॅग भरता भरता थोरली म्हणाली, "मला तर आई बरीच ठीक वाटली. तूच कंटाळली आहेस, धाकटे. दिवसभर त्या वासात उभं राहायचं, माणूस चिडचिडा होणारच. जरा काम कमी कर."

"ती तुझ्यासमोर अशी वागते. पाहुणे आले की तेवढ्यापुरती सावरते. डॉक्टरांना विचार हवं तर."

"म्हणजे मी पाहुणी?" थोरलीचे डोळे भरले. थोरलीचे डोळे भरले की विषय संपला, हे लहानपणापासून ठरलेलं होतं.

धाकटीनं तिची बॅग तीन जिने खाली नेली, तिला रिक्षात बसवलं आणि वर आली. रागाला वाट हवी होती. तिनं दार धाडकन लावलं, आईला खुर्चीत बसवलं, हातात बिस्किट दिलं आणि तडक गॅलरीत जाऊन सरकतं दार ओढून घेतलं. घराच्या दाराला कुलूप लावायचं राहिलं. चार वर्षांत पहिल्यांदा.

फळीवर एका जोडीचा तिसरा हात बाकी होता. तिनं मास्क चढवला, पंखा लावला, फवारा सुरू केला. अर्ध्यावर असताना सहज काचेतून पाहिलं. खुर्ची रिकामी होती.

बाथरूममध्ये गेली असेल, असं तिला वाटलं. खरं सांगायचं तर तिनं तसं वाटून घेतलं. ओला हात मध्ये सोडला तर काठ दिसतो, मग पुन्हा सगळं घासायला लागतं. एवढा हात पुरा करू, मग उठू. तिनं तो पुरा केला. दोन मिनिटं लागली असतील. त्या दोन मिनिटांबद्दल तिनं पुढं कुणालाही सांगितलं नाही.

मग खालून आरडाओरडा ऐकू आला.

इमारतीच्या पोटात गाड्या लावायची जागा होती. भर दुपारीही तिथं अंधारच असायचा. तळमजल्यावर एक जिमवाला राहायचा, तिशीतला, दंड असे की शर्टाच्या बाह्या रडकुंडीला याव्यात. गाडीवर त्याचा फार जीव. दोनच आठवड्यांपूर्वी धाकटीनं त्याचे मागचे दिवे काळे करून दिले होते. तेव्हा ती म्हणाली होती, "रिव्हर्सचा पांढरा भाग सोडावा लागतो. मागच्याला कळायला हवं ना गाडी मागं येतेय ते."

"ते पांढरं तेवढं उघडं पडतं हो ताई. सगळंच काळंभोर करून टाका. मी कुठं जातोय ते मला माहितीये ना!"

ती आणखी वाद घालू शकली असती. पण दिवसभर आईशी वाद घालून तिची ताकद संपलेली असायची. तिनं सगळंच काळं केलं.

आता तो तीच गाडी मागं घेत होता आणि आई तिच्या मागं उभी होती. आईला ऐकू कमी यायचं, आणि दिवा पेटलेला कळायला त्याचा उजेड बाहेर तरी यायला हवा. धक्का फार जोराचा नव्हता, पण आई मनगटावर पडली. धाकटी खाली पोचली तेव्हा जिमवाल्यानं आईला लहान मुलासारखं उचलून घेतलं होतं आणि तो हमसून हमसून रडत होता.

"मला दिसल्याच नाहीत हो ताई. देवाशप्पथ दिसल्या नाहीत."

धाकटीनं त्याच्याकडं पाहिलं नाही. ती गाडीच्या मागच्या दिव्यांकडं बघत होती. गाडी अजून रिव्हर्समध्येच होती, दिवा आत पेटलेला होता, आणि बाहेर राखेखालच्या निखाऱ्याएवढासुद्धा उजेड येत नव्हता. काम सफाईदार झालं होतं. कुठं एक काठ दिसत नव्हता.

मनगटाचं हाड मोडलं होतं. सहा आठवडे प्लास्टर. आई प्लास्टर घालणाऱ्या डॉक्टरांना कौतुकानं म्हणाली, "या बाई फार चांगल्या आहेत, मला रोज जेवायला घालतात." डॉक्टर हसले. धाकटीही हसली आणि मग बाहेरच्या बाकावर जाऊन बसली.

संध्याकाळी थोरलीचा फोन. "लक्ष कुठं होतं तुझं? माझी पाठ वळत नाही तोवर..."

धाकटीला सगळं बोलता आलं असतं. कुलपाचं, रागाचं, तू काय बोललीस त्याचं. पण मग ती दोन मिनिटंही सांगावी लागली असती. ती एवढंच म्हणाली, "चुकलं माझं."

दुसऱ्या दिवशी तिनं फोरमनला फोन केला. यायला जमायचं नाही म्हणाली. "जागा भरावी लागेल मग," तो म्हणाला. "भरा," ती म्हणाली, आणि कुणाला तरी वेळ सांगावी तशा सरळ आवाजात म्हणाली याचं तिलाच नवल वाटलं.

चार दिवसांनी जिमवाला दिवे काढून वर घेऊन आला. दारात उभा राहिला, आत यायला धजेना.

"हे पूर्वीसारखे करून द्या ताई."

"मी नाही. तुम्ही करायचे. मी दाखवते."

तो बादलीजवळ मांडी घालून बसला. एवढासा वॉटरपेपर त्याच्या पंजात बसच्या तिकिटाएवढा दिसत होता. धाकटी सांगत होती, "दाबू नका, नुसता फिरवा. जोर लावला की चरा पडतो." काळं पाणी ओघळून बादलीत उतरत होतं. दोन तासांनी एका कोपऱ्यात लाल दिसायला लागला. खुर्चीतून आई म्हणाली, "नीट घास रे, तळाला अजून लागलंय." तो म्हणाला, "हो आजी," आणि खरोखरच तळाकडं वळला.

जाताना त्यानं विचारलं, "मी काय करू सांगा. काहीही सांगा."

चार वर्षांत असं पुष्कळांनी विचारलं होतं आणि दर वेळी ती म्हणाली होती, काही नको, चाललंय. या वेळी तिनं आईकडं पाहिलं, प्लास्टरकडं पाहिलं. "रविवारी दुपारी दोन तास तिच्याजवळ बसा," ती म्हणाली. "दाराला आतून कुलूप लावून."

पुढं तिनं काळ्या दिव्यांची कामं घेणं सोडलं. 'हल्ली सगळे करतात, तुम्हालाच काय झालं?' असं गिऱ्हाइकं विचारत. ती कारण सांगत नसे. निम्मं काम गेलं. उरले ते पिवळे पडलेले, तडे गेलेले, पुन्हा उजेड द्यायला लावायचे दिवे.

पहिल्या रविवारी ती कोपऱ्यापर्यंत गेली आणि तिला कळेना, कुठं जावं. एकोणीस वर्षं ती फाटकातून उजवीकडं वळली होती, पण तिकडं जाऊन करायचं काय? ती सिग्नलजवळच्या बाकावर बसली. समोर गाड्या थांबत, दिवे लागत, विझत. एकाचा डावा बल्ब उडालेला. एकाच्या दिव्यावर नुसती चिकटपट्टी. ती मनातल्या मनात आठशे, हजार, पंधराशे करत राहिली. फोन वाजला नाही, तरी तिनं तो नऊ वेळा काढून पाहिला. पाऊण तासात परत आली.

"इतक्यात?" जिमवाल्यानं विचारलं. आई त्याला टॉवेलांच्या घड्या घालायला लावत होती आणि प्रत्येक घडी उलगडून पुन्हा घालायला सांगत होती.

"बाहेर काही नव्हतं," धाकटी म्हणाली.

सहा आठवड्यांनी प्लास्टर निघालं. मनगट जरा वाकडंच राहिलं. थोरलीनं अंगात घालायला लोकरीचा कोट पाठवला, मधल्यानं व्हिडिओवर आईला हात हलवून दाखवायला सांगितलं. वर्कशॉपमधल्या खात्यावर कुणीतरी बाहेरून आणलेला माणूस बसला. जिमवाला मात्र येत राहिला, एकही रविवार न चुकवता.

हळूहळू धाकटीला एक तास जमायला लागला, मग दीड. एकदा ती पुरे दोन तास बाहेर राहिली. परतताना दुसऱ्या मजल्याच्या वळणावर आली तेव्हा वरून आईचा आवाज ऐकू आला. ती जिमवाल्याला सांगत होती, तिला तीन मुलं आहेत आणि सगळ्यांत लहान रंगकामात फार हुशार आहे.

घड्याळात दोन तास पुरे झाले होते. धाकटी तिथंच पायरीवर बसली. बराच वेळ बसून राहिली. वर गेली नाही, खालीही गेली नाही.