खुर्चीत बसून पाहणारा

आमच्या शहरात पलासिया भागात प्रवासाची बुकिंग करणारा एक भिया, म्हणजे भैया, आहे. दर वाक्याला "टेन्शन नको, काकाजी" म्हणतो आणि टेन्शन स्वतःच घेतो. माझ्या लेकीला चालता येत नाही. बायको गेली, तरी लेकीला समुद्र दाखवायचाच, म्हणून त्याच्याकडे खेटे घालतोय. हॉटेलवाल्याला तो फोनवर दटावतो, "बाथरूमचा दरवाजा नापून सांगा, अंदाजे नको." काल लेकीची चाकाची खुर्ची मापाला नेली, तर हा जाडा माणूस स्वतःच तिच्यात बसला. "ढकला, दुकानाच्या रॅम्पवर चढवा." अर्ध्यावर माझा दम संपला. "एकट्याला बुकिंग देणार नाही," म्हणाला. राग आला. पण खरं होतं. चढावर खुर्चीची एक मूठ बायको धरायची. तिथूनच पुतण्याला फोन लावला, "रजा टाक. समुद्रावर जायचंय."