आईला दिसेल एवढा फोन

आईच्या 'व्हय'ची मला अलीकडे धास्तीच वाटायला लागली होती. व्हिडिओ कॉलवर काहीही विचारा, ती मान हलवून म्हणायची, "व्हय, व्हय." तिकडे पाऊस आहे का, व्हय. जेवलीस का, व्हय. अजून जेवली नाहीस का, तरीही व्हय. कान गेल्यापासून हा एकच शब्द ती सगळ्यांना पुरवून वापरत होती. डॉक्टरांनी दिलेलं कानातलं यंत्र तिनं दोन दिवस लावलं आणि साखरेच्या रिकाम्या डब्यात ठेवून दिलं. "कानात भुंगा शिरल्यागत वाटतंय," म्हणाली. समोरच्याचं तोंड बघून ती बोलणं ओळखायची आणि गावात तिचं त्यावर भागत होतं.

मी बावधनला, ती गावाकडच्या घरी रिह्याला एकटी. अंतर काही फार नाही, पण पिरंगुटच्या रस्त्यावरच्या गर्दीतून रोज उठून जाणं होत नाही. रविवारी जायचो, बाकीचे दिवस कॉल. तिच्याकडे माझ्या बायकोचा जुना फोन होता, एका कोपऱ्याला तडा गेलेला. हिरवं बटण दाबणं तिला जमत होतं. लिहिता-वाचता येत नसल्यामुळे मेसेजचा प्रश्नच नव्हता.

शेतात भात पोटरीला आलं होतं, लोंब्या फुटायच्या होत्या, त्या सुमाराला तिची ब्लडप्रेशरची गोळी बदलली. नवी सुरू झाली आणि रिपोर्ट बघून डॉक्टरांनी मला फोनवर सांगितलं, जुनी पांढरी आता पूर्ण बंद करा. मी लगेच ऑफिसातून आईला कॉल लावला. पांढरी गोळी बंद, बंद, असं घसा ताणून सांगितलं, हातानं फुली मारून दाखवली. पडद्यात डोळे खुपसून ती बघत होती. मग म्हणाली, "व्हय."

ती दोन्ही गोळ्या घेत राहिली. त्याच आठवड्यात मोरीत भांडी घासताना तिला भोवळ आली. शेजारच्या काकू उरवड्याच्या कंपनीत पॅकिंगला जातात. नशीब, त्या दिवशी घरी होत्या, म्हणून पडल्याचा आवाज त्यांना आला. कपाळाला खोक पडली, हाड वाचलं. मी पोचलो तेव्हा ती पट्टी बांधून ओट्यावर बसली होती आणि मलाच विचारत होती, "जेवलास का?" मला रडू आलं आणि रागही आला. राग कुणाचा, ते कळेना.

गोळ्या त्या दिवसापासून काकूंच्या ताब्यात गेल्या. पण काकू दिवसभर कामावर असणार. घरी आल्यावर बायकोनं सरळ सांगितलं, "त्यांना इकडे आणा." हे मी आईला पूर्वी एकदा कानाशी ओरडून विचारलं होतं. "तितं खिडकीतनं काय बघू? दुसऱ्याची खिडकी?" असं तिचं उत्तर होतं. आता मात्र तिच्या मर्जीवर सोडून चालणार नव्हतं. मी मनाशी ठरवलं, एक शेवटचा उपाय करायचा, आणि नाही जमलं तर भातकापणी उरकली की घराला कुलूप लावायचं. शेवटचा उपाय म्हणजे बाजारातला सगळ्यात मोठ्या पडद्याचा, सगळ्यात चांगल्या चित्राचा फोन. त्या टीचभर पडद्यावर तिला माझं तोंड नीट दिसत नाही, एवढाच घोळ आहे, अशी माझी खात्री होती.

बायकोला ते पटेना. "माझं बोलणं त्यांना त्याच फोनवर कळतं की."

"तू हळू बोलतेस."

"मग तुम्हीही हळू बोला."

तेही करून झालं होतं. दोन वाक्यं झाली की आई म्हणायची, "तिला दे." सुनेचं कळतं आणि पोटच्या लेकाचं कळत नाही, हे मला फार झोंबायचं. बायकोही मीटिंगमधून उठून आमच्यातला दुभाषी होऊन कंटाळली होती. त्यात मी ऊठसूट त्या फोनचे व्हिडिओ बघत बसलेला. एक दिवस ती फटकन म्हणाली, "आईंचं नाव पुढे करून स्वतःची हौस भागवताय. नवा फोन तुमच्या खिशात जाणार आणि तुमचा जुना त्यांच्या हातात." मी भडकलो, आरडाओरडा केला. त्यात थोडं तथ्य होतं म्हणूनच भडकलो. पण थोडंच. बाकी डोळ्यांसमोर होती ती आईच्या कपाळावरची पट्टी.

शनिवारी संध्याकाळी दोघं तणतणतच चांदणी चौकाजवळच्या दुकानात गेलो. विक्रेत्यानं फोन पुढे ठेवला. शाळेतली पाटीच म्हणा. उचलला तर त्याच्या वजनानं आईचं बारीक मनगट आठवलं आणि किंमत ऐकून तो पुन्हा खाली ठेवला. तो कॅमेऱ्याबद्दल, चार्जिंगबद्दल भरभरून सांगत होता.

"यात माणसाचे ओठ नीट दिसतात का?" मी विचारलं.

तो बुचकळ्यात पडला. "सर, यात सगळंच दिसतं."

"मग बघू या दिसतात का," मी बायकोला म्हटलं. विक्रेत्याकडून तिचं सिम मोठ्या फोनात घालून घेतलं, तो तिच्या हातात दिला, आवाज बंद करायला लावला आणि बाहेर पायरीवर जाऊन माझ्या फोनवरून व्हिडिओ कॉल लावला. "काल आमटीत मीठ जास्त झालं होतं," असं सावकाश, दोनदा म्हणालो. आत आलो.

"कळलं?"

"एक अक्षर नाही."

मला वाटलं, ती मुद्दाम करतेय. मग अदलाबदल केली. ती माझा फोन घेऊन बाहेर, मोठा फोन माझ्या हातात. पडद्यावर तिचे ओठ हलले आणि आवाजाशिवाय स्वच्छ कळलं, "घरी चला, भूक लागली आहे." पुन्हा मी बाहेर गेलो, पुन्हा बोललो. या वेळी तिनं पडद्याचा स्क्रीनशॉट काढला आणि मी आत येताच माझ्यासमोर धरला. भलामोठा चेहरा. नाकाखाली भरघोस मिशी, आणि तिच्याखाली वरच्या ओठाचा पत्ता नाही. खालचा ओठ तेवढा एकटाच उरलेला.

"घ्या," ती म्हणाली. "फोन मोठा घेतला की तुमची मिशी मोठी दिसणार."

विक्रेत्याला हसू आवरेना. मला हसू आलं नाही. कारण त्या मिशीवर माझा हक्क नव्हता, ती आईची होती.

आमच्यात आईवडील असेपर्यंत मुलगा मिशी उतरवत नाही. ती उतरते ती दहाव्याला, नदीकाठी, डोक्याच्या केसांबरोबर. वडील गेले तेव्हा माझी उतरली. घरी आलो तर आईला माझ्या तोंडाकडे बघवेना, ती भिंतीकडे तोंड करून बसली. मग तशीच पाठमोरी म्हणाली, "आता वाढू दे. मी जिती हाय तवर वस्तरा लावायचा न्हाई." मी शब्द दिला. मिशी वाढली, ओठावर उतरली, आणि इकडे तिचे कान जात राहिले. समोरासमोर असलो की मी कानाशी ओरडायचो, त्यामुळे या दोन गोष्टी कधी एकमेकींना जोडून बघितल्याच नाहीत.

फोन न घेता बाहेर पडलो. "थोडी कातरा फक्त," गाडीत बसताना बायको म्हणाली. तिचा आवाज आता मऊ झाला होता.

रविवारी सकाळी आरशासमोर उभा राहिलो. डावीकडे कातरली, ती आखूड झाली. म्हणून उजवीकडे कातरली, ती जास्तच आखूड झाली. दोन मांजरांचं लोणी वाटणाऱ्या माकडासारखं माझं चाललं होतं. शेवटी ओठावर अशी काही लांडी लव उरली की ठेवण्यात अर्थ नव्हता. रेझर हातात घेतला आणि हात अडला. चारचौघांत मी शुभ-अशुभ मानत नाही. पण तिथे एकटा असताना मनात आलंच, की आपण आईच्या जिवावर तर उठलो नाही ना. तिला बोललेलं कळावं म्हणून तिनं मागितलेली एकच गोष्ट मोडायची होती. डोळे मिटून रेझर फिरवता येत नाही, उघडे ठेवूनच मिशी साफ उतरवली.

असाच समोर जाऊन उभा राहिलो तर तिला धसका बसेल, म्हणून निघण्याआधी कॉल लावला. तिनं उचलला. जवळ घेऊन बघितलं. तिचा चेहरा पांढरा पडला आणि ती किंचाळली, "कोण गेलं? अरं, कोण गेलं?" फोन हलला, छपराचे पत्रे दिसले, काकूंचा आवाज आला. मला वाटलं, आपण हे काय करून बसलो.

फोन पुन्हा सरळ झाला. काकूंनी धरला असावा. आई हमसत होती. मी ओरडलो नाही. साध्या आवाजात म्हणालो, "कोणी गेलं नाही, आई. सगळे बरे आहेत."

ती थांबली. माझ्या तोंडाकडे बघत राहिली. "मग मिशी का काढली? मी जिती हाय की अजून!"

"तू आहेस म्हणूनच काढली. तुला माझं बोलणं दिसावं म्हणून."

मी तिच्या 'व्हय'ची वाट बघत होतो, आणि तो येऊ नये असंही वाटत होतं. तिनं पदरानं डोळे पुसले, फोन काकूंच्या हातातून स्वतःकडे घेतला आणि मला एकदा नीट न्याहाळलं.

"माझ्यासाटी काढलीस," ती म्हणाली. "लई वंगाळ दिसतोयस. पर कळतंय."