कोण कोणाच्या पोटात

ऐंशीच्या दशकात खालापूरजवळच्या आमच्या कारखान्यात कपाटाएवढा मेनफ्रेम संगणक आला. मी भिसेगावचा, त्याचा ऑपरेटर, आणि नोकरी पक्की व्हायला महिना बाकी.

या यंत्राची गंमत अशी, की ते एकटंच असून आपण अनेक यंत्रं असल्याचं सोंग झकास वठवायचं. त्यातल्या एका सोंगाच्या पोटात साहेबांनी नवे प्रयोग करायला यंत्र चालवणारी अख्खी व्यवस्था पुन्हा उभी केली होती. बाहेरच्या व्यवस्थेला मी आई म्हणायचो, आतलीला लेक. लेक बंद केली तर कोणाचं काही अडत नसे. आई बंद पडली तर सारा कारखाना ठप्प. टेबलांवर दोघींचा एकेक पडदा होता. लेक आईची हुबेहूब नक्कल, नाव विचारलं तरी दोघी एकच सांगत. म्हणून मी पडद्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या.

खंडेनवमीला यंत्रांची पूजा मीच मांडली. टेबलं इकडची तिकडे सरकवली, पडदे ओल्या फडक्याने पुसले, झेंडूच्या माळा घातल्या. मंत्र येत नव्हते, पण आवाज असा लावला की गोदामातली माणसं डोकावून गेली. तेवढ्यात साहेबांचा फोन आला, लेक लगेच बंद करा. बघतो तर चिठ्ठ्या फडक्याबरोबर गेलेल्या. फाटकाशी ट्रक मालाच्या कागदांसाठी खोळंबलेले, आणि ते कागद आईच छापत होती.

लेक नेहमी डावीकडे असते, असं स्वतःला ठणकावून मी डावीकडे हुकूम टाइप केला. कळ दाबायचीच बाकी होती.

"थांब रं," आमच्या प्रोग्रामर ताई म्हणाल्या. पोशीरच्या शेतकरी घरातल्या, चिडल्या की गावचं बोलत. "आदी इचार तिला, घरात कोन कोन हाय."

हुकूम खोडून मी दोन्ही पडद्यांवर विचारलं, आत्ता आत कोण कोण काम करतंय. डाव्या पडद्यावर रांगच लागली: गोदाम, हजेरी, माल पाठवणारे, आणि त्यांच्यातच एक भाडेकरू असल्यासारखी आमची लेक. उजवीकडे दोनच नावं, साहेबांचं आणि माझं. तिला आई असल्याचा पत्ताच नव्हता; स्वतःलाच घरची मालकीण समजत होती.

"आता उजवी कर बंद," ताई म्हणाल्या.

केली. शेजारच्या खोलीत प्रिंटर कडकडतच राहिला. पहिला ट्रक निघाला तेव्हा मी खिडकीतून इतक्या झोकात हात केला, की ड्रायव्हर बिचारा पुन्हा थांबला आणि कागद तपासू लागला.