वाकडी रेघ
ऑइलपेंटचा वास आला की अकोल्यातलं बाबांचं शिलाईचं दुकान आठवतं. रस्ता रुंद होणार होता, म्हणून मोजणीवाला दुकानाच्या आतल्या बाजूच्या भिंतीवर लाल रेघ मारायला आला होता. रेघेपासून रस्त्याकडचं सगळं पाडणार होते आणि बाबांची मशीन नेमकी त्यातच होती. त्याची रेघ वाकडी जाऊ लागली, तेव्हा बाबा उठले, गळ्यातला टेप भिंतीला लावला, खडूनं खुणा केल्या आणि म्हणाले, "कापाचंच हाय, त सरळ तरी कापा न भाऊ." तो खुणांवरून ब्रश फिरवत गेला. बाबा परत मशीनवर बसले. मी दारात उभा होतो. मला काहीच वाटलं नाही. आता ऑफिसला त्याच रस्त्यानं जातो. दुकान होतं तिथं गाडी जराही वळवावी लागत नाही.