माळेला चालतं

आमचे बुवा जगातल्या सगळ्या गोष्टींचे दोनच भाग करत. माळेला चालणाऱ्या आणि माळेला न चालणाऱ्या. वडापाव चालतो, सुरमई चालत नाही. पत्ते चालतात, विडी-तंबाखूचं नावही काढायचं नाही. विक्रोळीतल्या आमच्या भजनमंडळाचे ते बुवा आणि मी त्यांचा पखवाजवाला, त्यामुळे हे निकाल मी पुष्कळ ऐकलेत. कंपनीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी तुळशीची माळ घातली. कणकवलीकडच्या माणसाने मासे सोडणं म्हणजे काय, ते कणकवलीकडच्यांनाच कळेल. शेजारी बांगडे तळायला घेतले की बुवा खिडकी लावून पेटी काढून बसत.

मासे सुटले, पण विडीने त्यांचा जीव नकोसा केला. हात सारखा खिशाकडे जाई, गजर मध्येच तुटे, कोरसवाल्यांवर विनाकारण डाफरत. तेव्हा कोरसमधल्याच एकाने त्यांना वेप, म्हणजे बॅटरीवरची ई-सिगारेट, आणून दिला. या वस्तूवर बंदी आहे आणि ती पानाच्या टपरीवर मागितली की मिळते, दोन्ही गोष्टी आपल्याकडे सुखाने नांदतात. बुवांनी ती उलटसुलट करून पाहिली, हुंगली आणि निकाल दिला, "ह्यात तंबाखूचा पान खंय आसा? नुसती वाफ. गवयाच्या घशाक वाफ बरी. माळेक चालता."

तेव्हापासून ते 'यंत्र' काळ्या दोरीने त्यांच्या गळ्यात माळेशेजारीच लोंबू लागलं. दोन अभंगांच्या मध्ये बुवा एक झुरका घेत आणि देवासमोर उदबत्तीच्या धुरात हापूसचा वास पसरे. आम्ही हसायचो.

हसणं बंद झालं ते शुगरमुळे. आधी काठावर होती, पथ्य केलं तर सावरेल असं डॉक्टर म्हणाले होते. पथ्य तर बुवांसारखं कुणी करूच नये. प्रसादाचा पेढा कपाळाला लावून माझ्या हातावर ठेवत. भात सोडला, केळं सोडलं, पहाटे हायवेपर्यंत चालत जात. तरी दर तपासणीला आकडा वरच. मग ते घरात चोर शोधू लागले आणि घरात काकूंशिवाय होतं कोण?

"तू चायत साखर घालतंस. खरा सांग!" माझ्यासमोर त्यांनी कप खाली आदळला. दुसऱ्या दिवसापासून बुवा स्वतःचा चहा स्वतः करू लागले. चाळीस वर्षांच्या संसारात त्या बाईने एवढं तरी कमावलं नव्हतं का, असं माझ्या तोंडावर आलं होतं. बुवांचा मला फार राग आला आणि त्यांची भीतीही वाटली, कारण अंगठ्याला लागलेली ठेच महिना झाला तरी भरत नव्हती.

काकूंच्या सांगण्यावरून मीच त्यांना स्टेशनजवळच्या नव्या डॉक्टरबाईंकडे नेलं. त्यांनी रिपोर्ट पाहिले, पाय पाहिला आणि विचारलं, "काका, गळ्यात काय आहे?"

बुवांनी अभिमानाने माळ पुढे धरली.

"ती नाही हो. शेजारचं."

मग त्यांनी समजावून सांगितलं. या यंत्रातल्या पाण्यात निकोटिन असतं. त्याने शरीर इन्सुलिनला दाद देईनासं होतं, साखर वर राहते. तुमची शुगर फक्त याच्यामुळेच वाढली असं मी म्हणणार नाही, वेपवर संशोधन अजून चाललंय, पण तुम्ही हे आजच बंद करा.

"निकोटिन म्हणजे?" बुवांनी विचारलं.

"तंबाखूत असतं ना, तेच."

"तंबाखूतला?"

"हो काका, तेच."

त्यापुढे बाई साखरेबद्दल, पायाबद्दल बरंच काही बोलल्या. बुवांनी त्यातलं काही ऐकलं असेल असं मला वाटत नाही.

घरी येऊन त्यांनी माळ उतरवली आणि देव्हाऱ्यात ठेवली. मग खुर्चीत बसून काकूंना म्हणाले, "चाय कर गो. तू साखर घालूक नाय होतंस." काकू आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

मला वाटलं होतं, आता यंत्रही जाईल. बुवांनी ते सगळ्या मंडळासमोर पायाखाली फोडलं, आम्ही टाळ्या वाजवल्या. दोन दिवसांनी खिशात दुसरं होतं. तेही खाडीत टाकलं, तिसरं आलं. सुरमई सोडणारा, विडी सोडणारा हा माणूस त्या हापूसच्या वासापुढे हरत होता आणि ते त्याला कळत होतं. पेटीवर बसणं त्यांनी सोडलं. मागे कोरसमध्ये झांज घेऊन बसत. कितीदा विनवलं, पण एकच उत्तर, "पयला ह्या सुटांदे. मगे माळ, मगे गजर."

अंगठा शेवटी काढावा लागला. पुढे गेल्या वर्षी हृदयाने दगा दिला. डॉक्टर म्हणाले, शुगर होती, वय होतं, एकच कारण कसं सांगणार? मलाही सांगता येत नाही. शेवटचे दिवस ते आयसीयूत होते, नळ्या आणि मशीनमध्ये; सोबतीला मीच असे.

अंत्ययात्रेच्या आधी घरात गर्दी होती. काकूंनी मला देव्हाऱ्यापाशी बोलावलं. हातात माळ होती.

"हास्पिटलात ता यंत्र तेंच्याकडे नव्हता मां?"

"नाही काकू."

"एकदाव घेवक नाय?"

"एकदाही नाही."

काकूंनी डोळे पुसले. "मगे सुटलाच म्हणाचा," त्या म्हणाल्या आणि त्यांनी ती माळ बुवांच्या गळ्यात घातली.