बोर्ड लाव, पण आतून

चूक गुरुजींची होती. आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कोणी मला त्यांच्या वयाचा मान शिकवू नये.

गोंदियाजवळच्या आमच्या गोरेगावात आम्ही चार पोरं टपरीवर चहाला बसलो की कोणाच्या ना कोणाच्या घरमालकाचा विषय निघतोच. बाकीच्यांनी खोल्या बदलल्या, म्हणून त्यांच्याजवळ मालक जास्त आणि किस्से कमी. माझा मालक एकच, रिटायर हेडमास्तर. पण किस्से पोतंभर!

*

मी बारावी अर्ध्यात सोडली आणि गुरुजींच्या घरातली पुढची खोली भाड्यानं घेऊन, तिथंच मशीन टाकून शाळेच्या बॅगा शिवायला लागलो. देवरीकडच्या एका शाळेनं ऑर्डर देतो म्हटलं, पण पक्कं बिल पाहिजे. पक्क्या बिलाला लायसन पाहिजे आणि लायसनला घरमालकाची एनओसी. म्हणजे माझी पहिली मोठी ऑर्डर गुरुजींच्या मुठीत.

मी विषय काढला. गुरुजींनी चष्मा कपाळावर चढवला.

"दप्तर पाठीवर घ्यायचं होतं तेव्हा फेकलं. आता शिवून राहिला?"

नोकरीभर पोरांशी असंच बोलले असणार. त्यांची अख्खी शाळाच कशी पळाली नाही, याचंच नवल.

*

लायसनसाठी दुकानाचा बोर्ड लागतो म्हणून मी झकास बोर्ड रंगवून आणला. गुरुजी फाटकातच आडवे. बोर्ड दिसला की घरटॅक्स वाढते, वीजवाले कमर्शियल मीटर ठोकतात, असं त्यांचं म्हणणं. शेवटी तडजोड त्यांनीच सुचवली.

"बोर्ड लाव. पण आतून."

लावला. खाटेच्या समोर. रोज सकाळी डोळे उघडले की मला माझ्याच दुकानाचा पत्ता कळायचा.

एकदा कोहमाऱ्याहून एक बाई बॅगेची चेन बदलायला आल्या. फाटकात गुरुजी पेपर वाचत बसलेले. बॅगवाले कुठं राहतात, म्हणून बाईंनी त्यांनाच विचारलं. पेपरातून डोकं वर न काढता गुरुजी म्हणाले, "बोर्ड वाचता येत नाही का?"

*

एनओसीचा मजकूर मी स्वतःच स्टॅम्प पेपरवर लिहून दिला, सही तेवढी मागितली. दुसऱ्या दिवशी कागद परत आला. लाल पेनानं तपासलेला! 'भाडेकरू'तला ऱ्हस्व 'रु' दीर्घ केलेला, दोन ठिकाणी गोल, आणि खाली सहीसोबत शेरा: 'अक्षर सुधारावे.'

गोंदियाच्या ऑफिसातल्या बाबूनं तो कागद उलटसुलट पाहिला.

"ये एनओसी है या रिझल्ट?"

मग म्हणाला, मालिक को भेजो, सामने आके बोलेगा तो हो जाएगा.

*

गुरुजी यायला तयार झाले, तशी मी खुशीत गावी बाबांना फोन केला. म्हटलं, सोमवारी गुमास्ता भेटते. आमच्याकडे दुकानाच्या लायसनला गुमास्ताच म्हणतात. पण बाबांच्या पिढीत गुमास्ता म्हणजे राइस मिलच्या शेठचा कारकून. त्यांनी गावभर पेढे वाटले. पोरगा नोकरीले लागला!

दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. "शेठ चांगला हाय ना बे?"

मी सांगितलं, बाबा, शेठ मीच. दुकान माझंच आहे.

बाबा म्हणाले, "पेढे वाटून झाले. आता नोकरीच समज."

*

सोमवारी गुरुजी इस्त्रीचा शर्ट घालून एकटेच गोंदियाला गेले. मला जाता येत नव्हतं, शाळा उघडायच्या आत बॅगा द्यायच्या होत्या. संध्याकाळच्या एसटीनं परत आले आणि लायसन माझ्या मशीनवर ठेवलं.

मालकाचे नाव: गुरुजींचं. कामगार: एक. त्याच्यापुढं माझं नाव. शुद्धलेखनाची एकही चूक नाही.

"गुरुजी, हे काय हो?"

"बाबूनं विचारलं, मालक कोण? आता घर कोणाचं हाय? मी खोटं कायले बोलू?"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी स्वतः स्टूल आणून बोर्ड बाहेर लावला.

शाळेनं चेक मालकाच्या नावानं काढला. गुरुजींनी त्यातून भाडं कापलं आणि उरलेले पैसे मला पगार म्हणून दिले.